निळ्या पिशवीतलं गाणं

"मला खाजामियाँला आत घालायचंय," पंचशीला सोनकांबळे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

लातूरच्या गंजगोलाईत, एका औषधाच्या दुकानाच्या वर शिल्पा बिरादारचं ऑफिस होतं. पाटीवर 'खासगी तपास' असं ऐटीत लिहिलेलं असलं तरी तिच्याकडे येणारी माणसं बहुतेक एकाच कामाची. मुलगा खरंच नोकरीला आहे का, मुलीचं आधी कुठे ठरून मोडलं होतं का, एवढंच त्यांना हवं असे. त्यामुळे कुणाला तरी आत घालायला निघालेली बाई पाहून भागवतमामांना उत्साह आला.

भागवतमामा म्हणजे शिल्पाचे सख्खे मामा. एस्टीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि भाचीची जीप चालवू लागले. जीप चालवता चालवता आपण तपासही चालवतो, असा त्यांचा गोड समज होता आणि शिल्पाने तो मोडला नव्हता.

"घ्या ताई, आधी शेंगदाणे घ्या," मामांनी कागदाची पुडी पुढे केली.

"नको मामा. शेंगदाणा खाल्ला की घसा धरतोय. गायला लागल्यापासून शिवले न्हाई मी त्याला."

"गाता तुम्ही?" शिल्पाने विचारलं.

पंचशीला मुखेडजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवत होती आणि जयंतीच्या, लग्नाच्या कार्यक्रमांत गात होती. तिने मोबाइल काढून एक पोस्टर दाखवलं. 'डबा लातूरचा. गायिका पंचशीला सोनकांबळे. ध्वनी नबील शेख.' खाली एस्टीचं चित्र.

"शिकायला मी इथंच होते, हॉस्टेलला. आई रोज एस्टीनं डबा धाडायची. त्याच्यावर गाणं केलं. नबीलच्या घरी, नांदेडला रेकॉर्ड केलं. कंपनीच्या दारात जायचं न्हाई, आपणच लोकांना द्यायचं, असं ठरलं होतं आमचं. तर त्याच्याआधीच मुखेडच्या सगळ्या ट्रॅक्टरवर वाजायला लागलं."

"मग? गाजलं की," मामा म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात एका म्युझिक कंपनीनं ते इंटरनेटवर टाकलं, 'पारंपरिक गीत' म्हणून. मी माझं टाकलं तर माझंच बंद पाडलं. चोरीचं हाय म्हणतेत. त्यांच्या आधी गाणं लोकांत आलं होतं ह्याचा पुरावा द्या, न्हाईतर तुमचं पानच काढून टाकू, असं साइटवाल्यांनी कळवलंय. माझी आतापर्यंतची समदी गाणी त्या पानावर हायेत." तिने पदराने चेहरा पुसला. "नबीलच्या कॉम्प्युटरातल्या तारखा ते मानत न्हाईत. त्या बदलता येतेत म्हणे."

"गाणं तुमच्याकडे कसं आलं?"

"पेन ड्राइव्हमधून. गावात रेंज न्हाई आणि मोबाइलवर धाडलं की आवाज पातळ होतो. म्हणून नबील एस्टीनंच धाडतो. सोमवारी त्याचा फोन आला, धाडलंय म्हणून. मी मीटिंगला अडकले. मंगळवारी सांजच्याला स्टँडवर गेले तर खाजामियाँनं हातात दिला. नुसता पेन ड्राइव्ह, कागदात गुंडाळलेला. तवर ह्यानं गाणं वाटून टाकलं होतं."

शिल्पाने दोन्ही गाणी लावायला सांगितली. आधी ट्रॅक्टरवरचं. पंचशीलाचा आवाज उन्हात तापलेल्या रानासारखा मोकळा होता.

झाकण उघडता वास आला घरचा,
आईनं बांधला डबा लातूरचा...

दुसऱ्या कडव्यात गाण्याच्या अंगावरूनच एक पुरुषी आवाज आला, "खाजा मोबाइल, मुखेड स्टँड. आवाज आपल्या पंचशीलाताईंचा."

"बघा. माझ्या गाण्यात ह्याची जाहिरात."

मग कंपनीचं लावलं. तेच गाणं, तीच पेटी, तीच ढोलकी. फक्त खाजामियाँचा आवाज त्यात नव्हता.

"पुसला असंल कंपनीनं," मामा म्हणाले. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षं त्यांनी असे डबे पोचवले होते, त्यामुळे गाणं त्यांना जरा जास्तच लागलं.

"पेटी कोण वाजवतंय?" शिल्पाने विचारलं.

"वीरण्णा. देवणीचा हाय. चांगला पोरगा."

"आणि तुमचा संशय फक्त खाजामियाँवर?"

पंचशीलाने मोबाइल पालथा ठेवला. "नबीलवर बी येतो. पण तो मला भावासारखा हाय. तो निघाला तर मला गाणं परत मिळून बी काय उपयोग न्हाई."

*

मुखेडच्या स्टँडला लागून खाजामियाँचं दुकान होतं. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. एका बाजूला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर आणि समोर कार्डात गाणी भरून घ्यायला थांबलेले दोन ट्रॅक्टरवाले.

"चोरी?" खाजामियाँ बसल्या जागी खचले. "ताई म्हणल्या असं?"

"तुम्ही सांगा काय झालं ते."

"हे बघा बाई, माझं दुकान म्हंजे स्टँडचं कपाट हाय. कुणाचा डबा, कुणाचं औषध, ड्रायव्हर इथंच टाकून जातेत. चिठ्ठीवर नाव असलं की ज्याचं त्याला. मी झाकण बी उघडत न्हाई. पण पेन ड्राइव्ह बिनचिठ्ठीचा आला, की तो वाटायला आला, असा कायदा हाय. जयंतीच्या टायमाला कलाकार मंडळी असंच ठेवून जातेत. पोचवा म्हणतेत लोकांपर्यंत. माझ्या वडिलांच्या वेळेला कॅसेटी यायच्या, तवापासून."

"हा बिनचिठ्ठीचा होता?"

"हाव. मंगळवारी दुपारी टोपलीत दिसला. बाजारचा दिवस, कुणी ठेवला कळलं न्हाई. लावला तर ताईंचा आवाज. म्हणलं वा, ताईंनी वाटायला दिलं. नाव न घेता गाणं वाटू नये म्हणून मधी तेवढं बोललो. लगेच ग्रुपवर टाकलं, मग कार्डं भरली. सांजच्याला ताई आल्या, त्यांचा पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. गाण्याचे पैसे मी कुणाकडून घेत न्हाई."

"टोपलीत पिशवी, डबा, काही होतं सोबत?"

"काई न्हाई."

शिल्पाने त्यांच्या दुकानाचा ग्रुप उघडून पाहिला. आसपासच्या गावांतली शेकडो माणसं त्यात होती. ती बराच वेळ वर-खाली बघत राहिली.

"ह्यातलं काही पुसू नका," ती म्हणाली.

जीपमध्ये बसल्यावर मामा म्हणाले, "माणूस गोड बोलतोय. गोड बोलणाराच गोत्यात आणतोय."

"मामा, त्याने चोरी केली असती तर गाण्यात स्वतःचं नाव आणि पत्ता कशाला सांगितला असता?"

मामांनी गिअर बदलला आणि विषयही.

*

देवणीला वीरण्णाचं घर बैलबाजाराच्या रस्त्यावर होतं. वीरण्णा तिशीच्या आतला, बारीक, खाली बघून बोलणारा. त्याची आई मात्र तोंडभर हसून सामोरी आली आणि नको म्हणायच्या आत तिने दोघांपुढे ताटल्या ठेवल्या. शेंगांच्या पोळ्या, वरून खसखस लावलेल्या आणि तुपाची वाटी.

"तिकडं बिदरला माझं माहेर," ती म्हणाली. "सण असू दे, नसू दे, आमच्यात पाहुण्याला हेच. खा."

मामांनी तीन खाल्ल्या. तपासात पोट भरलेलं असावं, असं त्यांचं मत होतं.

"तुम्ही शेवटचे नांदेडला कधी होता?" शिल्पाने वीरण्णाला विचारलं.

"त्याच सोमवारी. पेटीचा एक तुकडा राहिला होता, तेवढा वाजवला आणि दुपारी निघालो. गाणं तयार व्हायच्या आधीच."

"कशाने आलात?"

"रेल्वेनं. उदगीरला उतरलो."

"रेल्वेनं?" मामा घास गिळून म्हणाले. "परळीवरनं वळसा घालत? मुखेडवरनं सरळ एस्टी असताना?"

"गर्दी होती एस्टीला," वीरण्णा म्हणाला.

शिल्पाने पोस्टर पुढे केलं. "छान झालंय. गाण्याची चालही फार चांगली आहे. कुणाची?"

"माझी." मग तो जरासा हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "चालीला कोण विचारतंय मॅडम."

निघताना त्याची आई दारापर्यंत आली. "पोराला जेवण जाईना झालंय," ती हळूच म्हणाली. "कुणाचं काही बिघडवलं का हो यानं?"

शिल्पा तिच्याशी खोटं बोलू शकली नाही आणि खरंही. "भेटू पुन्हा, अव्वा," एवढंच म्हणाली.

*

नांदेडला नबीलचं रेकॉर्डिंग म्हणजे इतवाऱ्यातल्या घराची माडी. भिंतींना गाद्या बांधलेल्या, खिडकीला रजई. नबील दाढी वाढवून बसला होता.

"ताई फोन उचलत न्हाई माझा," तो म्हणाला. "चार वर्षं झाली सोबत काम करून. एकदा विचारायचं तरी, नबील, तू केलं का? मी सांगितलं असतं, न्हाई."

"मग मीच विचारते. कंपनीने खाजामियाँचा आवाज गाण्यातून पुसला असेल का?"

नबीलने कंपनीचं गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. "हे ऐका. इथं ताईनं श्वास घेतला. खाजाचाचांचा आवाज नेमका ह्याच्यावर हाय. तो काढला असता तर हा श्वास बी गेला असता. हे पेन ड्राइव्हवरचंच गाणं हाय. त्याला कुणी हात लावला न्हाई."

"म्हणजे खाजामियाँच्या हातात पडायच्या आधीचं."

"किंवा माझ्या कॉम्प्युटरातलं," नबील स्वतःच म्हणाला. "म्हणून तर झोप न्हाई."

"तुमच्याकडे गाणं एकसंध आहे की सुटं?"

"सुटं. आवाज वेगळा, ढोलकी वेगळी, पेटी वेगळी. कंपन्यांना तेच पाहिजे असतंय. आवाज वेगळा मिळाला की दुसऱ्या दिवशी डीजेचं गाणं काढतेत."

"यांनी काढलंय?"

"न्हाई."

"तुम्ही पेन ड्राइव्ह एस्टीत कसा दिला होता?"

"अम्मीच्या डब्याच्या पिशवीत. निळी पिशवी, वर ताईचं नाव लिहून चिठ्ठी. सोमवारी दुपारच्या उदगीर गाडीत ड्रायव्हरच्या हातात दिली. त्या रस्त्याचे समदे ड्रायव्हर ती पिशवी ओळखतेत."

त्या गाडीचा ड्रायव्हर मामांचा जुना सोबती निघाला. मामांनी तिथूनच फोन लावला. ड्रायव्हरला अंधुक आठवत होतं. मुखेडला पिशवी खाली द्यायला वळला, तर गर्दीत आतल्याच कुणीतरी 'आणा, मी देतो' म्हणून घेतली. चेहरा पाहिला नव्हता.

"आतल्याच कुणीतरी," शिल्पा पुटपुटली.

तेवढ्यात नबीलची आई हुसेनबी खिचडी आणि चिंचेचा खट्टा घेऊन माडीवर आली. कामाचं बोलणं असो नसो, तिच्या घरातून उपाशी कुणी जात नसे.

"त्या पोरीला सांग बेटा, बोल म्हणावं नबीलसंगं," ती शिल्पाला म्हणाली. "लई गुणाची पोर. माझा डबा कधी रिकामा धाडत न्हाई. ह्या बारीला तर गोड पोळ्या धाडल्या. आत शेंगदाणे, वरून खसखस. लई नरम. तिला पुसायचं होतं, कशा केल्या म्हणून."

"डबा कधी परत आला?"

"बुधवारी. एस्टीतच. निळी पिशवी स्वच्छ धुऊन."

शिल्पाने हातातला घास खाली ठेवला. "खाला, उद्या पाच-सहा माणसांचा स्वयंपाक कराल का?"

*

दुसऱ्या दिवशी त्याच माडीवर सगळे जमले. पंचशीला नबीलकडे न बघता भिंतीला टेकली. खाजामियाँ टोपी नीट करत दाराशी बसले. वीरण्णा पेटीशेजारी होता, कारण तिथेच त्याची नेहमीची जागा होती. हुसेनबी उंबऱ्यात आणि मामा मधोमध.

"गाणं दोन वाटांनी बाहेर गेलं," शिल्पा म्हणाली. "आपण सगळे एकच वाट धरून बसलो होतो, म्हणून चुकलो. ट्रॅक्टरवरच्या गाण्यात खाजामियाँचा आवाज आहे. कंपनीच्या गाण्यात नाही आणि तो पुसलेलाही नाही. म्हणजे कंपनीने ते खाजामियाँच्या गिऱ्हाइकांकडून घेतलेलं नाही, आणि गाणं विकणारा माणूस तेच स्वतःचं नाव सांगून फुकट वाटत नसतो. त्यांच्या आधी कुणीतरी पेन ड्राइव्ह उघडला."

"नबील," मामा कुजबुजले.

"नबीलने विकलं असतं तर सुट्या आवाजासकट विकलं असतं. कंपनीला तेच हवं असतं. त्यांच्याकडे ते नाही. मग राहिला सोमवार दुपार ते मंगळवार दुपार हा वेळ. पेन ड्राइव्ह नांदेडहून निघाला तेव्हा पिशवीत होता, सोबत डबा आणि नावाची चिठ्ठी होती. मुखेडच्या टोपलीत आला तेव्हा पिशवी नाही, डबा नाही, चिठ्ठी नाही. ज्याने पिशवी घेतली, त्याने पेन ड्राइव्ह तेवढा परत आणून ठेवला, पंचशीलाताईंना संशय येऊ नये म्हणून. पण मुखेडच्या स्टँडवर बिनचिठ्ठीचा पेन ड्राइव्ह म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे माणूस मुखेडचा नव्हे."

खाजामियाँनी मान हलवली.

"पिशवी एस्टीतल्याच प्रवाशाने घेतली. तो पुढे उदगीरकडे गेला. आता डब्याचं बघू. पंचशीलाताई, तुम्ही खालांना शेंगांच्या पोळ्या पाठवल्या?"

"मी?" पंचशीला गोंधळली. "मी तर शेंगदाण्याला हात लावत न्हाई. आणि त्या बारीला डबा आलाच न्हाई माझ्याकडं."

हुसेनबीचा हात तोंडावर गेला.

"चोर डबा परत कशाला पाठवेल? तो लपवेल, नाहीतर फेकून देईल. पण चोराच्या घरात एखादी माउली असेल आणि तिला मुलाने सांगितलं असेल, की नबीलच्या आईने तुझ्यासाठी दिलाय, तर? ती डबा घासेल, पिशवी धुवेल. आणि आपल्याकडे कुठलीच बाई दुसरीचा डबा रिकामा परत करत नाही. घरात पाहुण्यासाठी जे होतं तेच तिने त्यात भरलं आणि मुलाला न विचारता एस्टीत दिलं. तशाच पोळ्या मामांनी परवा तीन खाल्ल्या."

मामांनी आ वासला. मग हळूहळू त्यांची मान पेटीकडे वळली.

"रेल्वेचा वळसा तुम्हीच पकडलात मामा. सरळ एस्टी असताना परळीवरून आलो म्हणणारा माणूस एस्टीत नव्हतो, असं सांगू बघत असतो."

वीरण्णाने काहीच नाकारलं नाही. पेटीचा भाता मिटवून त्याने कडी लावली.

"आणा मी देतो म्हणालो, तवा खरंच द्यायचंच मनात होतं," तो म्हणाला. "मुखेडला उतरून ताईच्या गावाला जाणार होतो. पिशवी मांडीवर घेतली आणि मोबाइलवर पोस्टर आलं. दोन नावं. माझं न्हाई. चाल माझी, सहा महिने बसवली मी. उदगीरच्या कार्यक्रमात त्या कंपनीचा माणूस भेटला होता, तुझं नाव मोठं घालतो म्हणला होता. उतरलोच न्हाई मुखेडला, सरळ त्याच्याकडं गेलो. त्यांनी पारंपरिक लिहिलं. माझं नाव तिथं बी न्हाई. ताई, अव्वाला सांगू नका. पोळ्या तिनं धाडल्या हे मला आत्ता कळलं."

शिल्पाने पंचशीलाकडे पाहिलं. पुढचं तिच्या हातात होतं.

"मला येऊन भांडायचं होतंस," पंचशीला म्हणाली. "चार शिव्या घालायच्या होत्यास. मी कान धरले असते स्वतःचे. पोस्टर करताना तुझं नाव माझ्या डोक्यात बी आलं न्हाई रे. पण तू माझी समदी गाणी बुडवायला निघालास." ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती. "माफ लगेच होणार न्हाई माझ्याच्यानं. पण आधी मला लिहून दे. गाणं आपलं हाय आणि तुला विकायचा हक्क नव्हता म्हणून."

"देतो. आत्ता देतो."

"तेवढ्याने भागणार नाही," शिल्पा म्हणाली. "कंपनी म्हणेल, दबावाने लिहून घेतलं. त्यांना आधीचा, लोकांतला पुरावा हवाय. खाजामियाँ, तुमचा ग्रुप उघडा."

खाजामियाँनी मोबाइल पुढे केला. मंगळवार दुपारचं गाणं तिथे होतं, कंपनीच्या कितीतरी दिवस आधीचं. खाली शेकडो माणसांनी ऐकून दाद दिलेली. आणि गाण्याच्या पोटात, पुसताच येणार नाही असं, गाणारीचं नाव.

"ज्यांना तुम्ही आत घालायला निघाला होता, त्यांनीच तुमचं गाणं राखलंय," शिल्पा म्हणाली.

पंचशीला उठली आणि खाजामियाँच्या पाया पडायला वाकली. ते धडपडून मागे सरले. "अहो ताई, काय करून राहिल्या तुम्ही. गाणं चांगलं होतं, म्हणून वाटलं. ह्याच्यात माझं काय."

"चाचा, मी तुम्हाला चोर म्हणले."

"म्हणलं तर म्हणलं. आता जेवा."

मग ती नबीलकडे वळली. तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली. नबीलने ती घेतली आणि दोघांचं तेवढ्यावर मिटलं. हुसेनबी मात्र वीरण्णाशेजारी जाऊन बसली आणि ज्या बाईने इतक्या नरम पोळ्या केल्या, तिचा नंबर दे म्हणाली. ही बाई आपल्याला अजून माणसांत धरते, हे बघून तो पोरगा ढसाढसा रडला.

*

पुरावा गेला आणि थोड्या दिवसांनी कंपनीने तक्रार निमूट मागे घेतली. पंचशीलाने गाणं अडवून ठेवायचं नाही, असं ठरवलं. ज्याला ऐकायचंय त्याने फुकट उतरवून घ्यावं, वाटावं, आणि ज्याला वाटेल त्याने कलाकारांना थेट द्यावं. जे येईल ते गाणारी, चाल बांधणारा, रेकॉर्ड करणारा आणि ढोलकीवाला यांच्यात सारखं वाटायचं.

नव्याने गाणं चढवायच्या दिवशी तिने शिल्पाला आणि मामांना नबीलच्या माडीवर मुद्दाम बोलावलं. वीरण्णाही आला होता. ती त्याच्याशी अजून मोजकंच बोलत होती. नबील कॉम्प्युटरशी बसला आणि ती नावं सांगू लागली. पहिलं तिने वीरण्णाचं सांगितलं.

नबील थांबला. "ताई, गायिकेचं नाव वर असतंय. तुझं खाली गेलं."

"जाऊ दे," पंचशीला म्हणाली. "माझा आवाज हाय, तो ऐकू येतोच. चाल कुणाची हे ऐकून कळत न्हाई. ते लिहावं लागतंय."

नबीलने वीरण्णाचं नाव वरच ठेवलं आणि गाणं लोकांत सोडलं.